पिकअप आणि उचल

शेळगावात ‘पिकअप आला’ म्हटलं की क्रेट भरायची घाई. ‘गाडीला पिकअप नाही’ हे दुखणं वेगळं. इंग्रजीत ‘पिक अप’ म्हणजे उचलणं, आणायला जाणं, जोर धरणं, ऐकून भाषा शिकणंही.

पण हे आपल्या ‘उचलणे’तही आहेच की! पोरं बोली उचलतात. चोरीही यातच, लक्ष्मण गायकवाडांचं १९८७ चं आत्मकथन ‘उचल्या’.

१९व्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, मग ऊस, पुढे कारखाने. या पट्ट्यात ‘उचल’ म्हणजे मुकादमाने ऊसतोड जोडप्याला दिलेली आगाऊ रक्कम. हंगामात फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला बांधलेलं.

दिवाळीच्या सुमारास तोडकऱ्यांची चूल, गाठोडी, पोरं कधी पिकअपमधूनच उतरतात. उचल तोवर बहुधा खर्चलेली असते.