कांद्यावरची काजळी आणि साखरेची पट्टी

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीतून घरी आलेला कांदा सोलताना वरच्या पापुद्र्याखाली कधीकधी काळी पूड दिसते. बोटाला काजळीसारखी लागते. आपण ती धुऊन टाकतो आणि कांदा चिरायला घेतो. ही बुरशी म्हणजे ॲस्परजिलस नायगर. घरी शुगर तपासायच्या पट्टीचं मूळ या बुरशीत आहे.

१९२८ मध्ये डेन्मार्कच्या डेटलेव्ह म्युलर यांना तिच्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर सापडलं. ते ग्लुकोज नेमकं ओळखतं, त्याचं ग्लुकोनिक आम्ल करतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पुढे हे पेरॉक्साइड रंगात दाखवता आलं आणि पट्टीची वाट मोकळी झाली.

तोवर घरी तपासली जायची ती लघवी. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण ५ मिली, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं की घरातल्यांचे चेहरे उतरायचे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. साखर एकदम खाली जाऊन माणूस घामाने भिजला, थरथरायला लागला, तरी नळी निळीच. जिवावर बेतणारी गोष्ट ती सांगतच नव्हती.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याने हे विकर कागदी पट्टीवर बसवलं. तीही लघवीसाठीच होती. रक्ताची पट्टी साठच्या दशकात आली: रक्ताचा मोठा थेंब, एक मिनिट थांबणं, पाण्याने धुणं, मग रंग जुळवणं. तो रंग वाचणारं यंत्र अँटन क्लेमेन्स यांनी केलं. वजन किलोहून जास्त, आणि विकायचं फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टीन हा इंजिनिअर बारा वर्षांचा असल्यापासून मधुमेही होता. १९६९ च्या सुमारास त्याने डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर ते यंत्र मिळवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासू लागला. वैद्यकीय जगाने सुरुवातीला त्याचं ऐकलं नाही, तेव्हा तो पंचेचाळिशीत स्वतःच डॉक्टर व्हायला गेला. मला या साऱ्या हकिकतीत सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो. रोग्याला आपल्या रक्ताचा आकडा कळण्याचा हक्क आहे, हे त्याने जगून दाखवलं.

लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये विकर आणि विद्युतप्रवाह यांची सांगड घातली होती. तिच्या आधारावर १९८७ मध्ये पेनाएवढं यंत्र बाजारात आलं. धुणं-पुसणं संपलं. आज औषधाच्या दुकानात मिळणारं मशीन याच घराण्यातलं. त्यामुळे ज्वारीची भाकरी आपल्याला किती मानवते, हे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी टोचून घरच्या घरी पाहता येतं.

मात्र मशीन फक्त वाचतं; खरं काम पट्टीवरचं विकर करतं, आणि ते उष्णतेने व दमटपणाने बिघडतं. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. सोलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात तर दुपारी विचारूच नका. म्हणून डबी खिडकीत, फ्रीजवर, गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्येही नको, तिथली ओल तिला मारते. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, उघडल्याची तारीख डबीवर लिहा. टोचण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा चढतो. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, आणि एका आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बदलू नका.