थर वाचणारी संस्था : डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व आणि खानदेश

गिरणाकाठच्या जुन्या गावांना पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, असते. भडगाव, कजगाव, बहाळ या पट्ट्यात शेतकरी पिढ्यान् पिढ्या अशा टेकाडांची भुरी, राखेरी माती गाड्या भरून शेतात टाकत आले. त्या मातीत कधी नक्षीचे खापर निघते, कधी मणी, कधी मातीचा बैल, शिंग मोडलेला पण वशिंड शाबूत. हा बैल आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. तो कधीचा, हे मात्र नुसते त्याच्याकडे पाहून मोठ्या पंडितालाही सांगता येत नाही. गेल्या पोळ्याला केलेला बैल आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा बैल, दोघांचे वशिंड बोटांच्या एकाच चिमटीने वर आलेले असते. हा प्रश्न सोडवण्याची शिस्त महाराष्ट्राला ज्या संस्थांनी लावली, त्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव पहिले घ्यावे लागेल.

कॉलेजचे मूळ १८२१ च्या संस्कृत पाठशाळेत आहे. येरवड्याच्या दगडी इमारतीत ते १८६८ मध्ये आले. १९३४ साली सरकारने ते बंद केले आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा उघडले ते संशोधन संस्था म्हणून. त्या पहिल्या वर्षीच हसमुख धीरजलाल सांकळिया तिथे रुजू झाले. लंडनला डॉक्टरेट करताना ते मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर राबले होते. मातीचे थर एकेक करून सोलायचे, वस्तू कोणत्या थरात होती ते तिथेच नोंदवायचे आणि मगच ती उचलायची, ही व्हीलरांची शिकवण. १९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि सरकारी खात्यातही तीच पद्धत रुजली. पुण्याची संस्था आणि दिल्लीचे खाते, दोन्हींचा गुरू एकच होता. खानदेशाला याचा मोठा लाभ झाला.

सांकळियांनी आधी गुजरातेत लांघणजला काम केले. तिथे गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. आज रखरखीत असलेल्या त्या भागात एके काळी गेंडा चरत होता, हे हाडाने सिद्ध झाले. पुढे १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातले जोर्वे, १९५४ ते ५६ नेवासे. जोर्व्याला लाल रंगावर काळ्या नक्षीची जी मडकी निघाली, त्यांच्यावरून एका अख्ख्या संस्कृतीला त्या लहानशा गावाचे नाव मिळाले.

याच काळात सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे चाळीसगाव तालुक्यात बहाळला खणत होते, १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये. गिरणेच्या समोरच्या काठावर टेकवाड्याला त्यांना ताम्रपाषाणयुगातली दफने मिळाली. तापीकाठी प्रकाशा बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये खणले. देशपांडे आणि थापर दोघेही पुढे सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. आपल्या नदीकाठावर हात मातीत घातलेली माणसे त्या खुर्चीवर बसली, याचा खानदेशी माणसाला अभिमान वाटायला हवा. या उत्खननांमुळे जोर्व्याची खापरे गिरणा-तापीपर्यंत ओळखता आली आणि खापराच्या सोबतीने निघालेल्या मणी-मूर्तींनाही वय मिळू लागले.

संस्थेचे सगळ्यात मोठे काम इनामगावचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ अशी बारा हंगाम खोदाई चालली; सांकळियांबरोबर मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी होते. १३० हून अधिक घरे उघडी झाली. त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली, कोपऱ्यात, एक लंबगोल मातीची पेटी पुरलेली होती. पेटीत शिर असलेली स्त्रीमूर्ती. झाकणावर शिर नसलेली दुसरी, आणि तिच्याजवळ एक बैल. सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. त्या बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला एक भोक होते, बैलाच्या पाठीला दुसरे. भोकांत काडी घातली की बाई बैलावर स्वार होते.

हाच बैल एखाद्या मजुराने टोपलीत टाकून बाहेर आणला असता, तर मोडके खेळणे म्हणून कुठल्या तरी कपाटात गेला असता. इथे पेटी, झाकण, दोन्ही मूर्ती, दोन्ही भोके, घराचा कोपरा आणि जमिनीची पातळी एकत्र नोंदली गेली, म्हणून ती पूजेची वस्तू ठरली. वयही तसेच ठरले. घर आरंभीच्या जोर्वे काळाचे, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० मधले. कार्बन-१४ ने वय काढायला कोळसा किंवा जळके धान्य असा सेंद्रिय पदार्थ लागतो. दगडात आणि धातूत तो नसतो. भाजलेल्या मातीचे वय तापदीप्तीने काढता येते, कच्च्या मातीला तोही उपाय लागू नाही. त्यामुळे अशा मूर्तीचे वय तिच्या शेजाऱ्यांना विचारावे लागते: त्याच जमिनीवरच्या खापराला, त्याच चुलीतल्या कोळशाला.

शेजारी हरवले की काय होते, हे दायमाबादने दाखवले. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या या टेकाडावर देशपांड्यांनी १९५८-५९ मध्ये पहिले उत्खनन केले होते. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल रहिवाशाला झाडाचे मूळ खणताना चार ओतीव ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, लांबी ४५ सेंटीमीटर. ३१ सेंटीमीटर उंचीचा रेडा. २५ सेंटीमीटरचा हत्ती. १९ सेंटीमीटरचा गेंडा. सगळे मिळून ६० किलोच्या वर. रेडा आणि गेंडा यांची भरीव चाके शिल्लक आहेत, हत्तीची गेली आहेत. ओळख पटवायला कसलीच अडचण नाही; गेंड्याच्या कातडीच्या घड्यासुद्धा दिसतात. पण या वस्तू थरातून शास्त्रशुद्ध रीतीने वर आल्या नव्हत्या.

मग एस. आर. राव यांनी आणि पुढे १९७९ पर्यंत शा. अ. साळी यांनी तिथे खोदाई केली. साळी खानदेशच्या पुरातत्त्वातले फार मोठे नाव. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावरचे कोरीव काम मिळाले, ते त्यांच्याच उत्खननात, आणि त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा निघाला. दायमाबादच्या तळाच्या थराला ज्या संस्कृतीचे नाव आहे, ते सावळदाही तापीकाठचे गाव. साळी, राव, देशपांडे आणि ढवळीकर या चौघांनी त्या ब्राँझना उत्तर हडप्पा काळात बसवले, म्हणजे इ.स.पू. २००० च्या आसपास. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे करून हरकत घेतली: या वस्तूंत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, आणि इथल्या ताम्रपाषाणयुगातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूत असा मिश्रधातू नाही, तेव्हा त्या ऐतिहासिक काळातल्या असाव्यात.

माझा कल चौघांकडे आहे. हत्ती, गेंडा आणि रेडा हे तिन्ही हडप्पाच्या मुद्रांवर भेटतात, आणि सिंधू खोऱ्यातल्या तांब्यात आर्सेनिक आढळते. पण अग्रवालांचा आक्षेप उडवून लावता येणार नाही, कारण निकाल देणारा साक्षीदार, तो थर, आपल्या हाती नाही. खणताना चार इंच आधी कोणी थांबले असते, तर पन्नास वर्षांचा वाद उरला नसता.

ओळख पटते पण वय कळत नाही, हा पेच अमेरिकेतही आहे. न्यू मेक्सिकोतले झुनी लोक दगडाचे छोटे प्राणी कोरून त्यांना दैवी शक्तीचे मानतात. फ्रँक हॅमिल्टन कुशिंग १८७९ मध्ये त्यांच्यात जाऊन राहिला आणि १८८३ मध्ये त्याने या मूर्तींवर प्रबंध छापला. उत्तरेचा डोंगरी सिंह, पश्चिमेचे अस्वल, दक्षिणेचा बिज्जू, पूर्वेचा लांडगा, आकाशाचा गरुड, पाताळाची चिचुंद्रीसारखी दिसणारी मोल. प्राणी ओळखला की दिशा कळते. वय मात्र कोरणाऱ्याचे घराणे, दगडाची जात, हत्याराच्या खुणा आणि वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची नोंद, एवढ्यांवरच ठरवतात. खाली नाव कोरण्याची पद्धत तिथे अलीकडची. आपल्याकडे पितळखोऱ्याला, चाळीसगावच्या घाटमाथ्यापलीकडे, एका यक्षाच्या हातावर कान्हदास सोनाराने घडवल्याचे कोरलेले आहे. असे भाग्य क्वचित. डांगातल्या, सातपुड्यातल्या वाघदेवावर शेंदराची इतकी पुटे असतात की मूळ दगड दिसतही नाही. तिथे गावाची आठवण हाच पुरावा, आणि तो लिहून घेण्याचे काम अजून बरेचसे बाकी आहे.

डेक्कन कॉलेज पुढे थेट खानदेशातही उतरले. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला १९८० च्या दशकात सावळदा संस्कृतीची वस्ती उघडी केली. अहवाल १९९० मध्ये आला. वसंत शिंदे यांनी मध्य तापी खोऱ्यातल्या वसाहतींचा पद्धतशीर अभ्यास केला. हाडांवरून प्राणी ओळखण्याची प्रयोगशाळा संस्थेत उभी राहिली, त्यामुळे मूर्तीतला बैल आणि चुलीजवळचे बैलाचे हाड एकाच अहवालात शेजारी येऊ लागले. १९९० मध्ये संस्था अभिमत विद्यापीठ झाली. सांकळिया हे पाहायला नव्हते. २८ जानेवारी १९८९ रोजी ते गेले.

संस्थेने शिकवलेली ही शिस्त आता आपल्या हाती आहे, कारण ट्रॅक्टर आणि जेसीबीने गिरणाकाठच्या पांढऱ्या झपाट्याने संपत आहेत. भडगाव तालुक्यातल्या शेतकरी बांधवांना, वीटभट्टीवाल्यांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. मातीत मूर्ती, मडके, नाणे दिसले तर काम तिथेच थांबवा. धुऊ नका, शेंदूर लावू नका, विकू नका. जागेवर असतानाच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. गट नंबर, खोली आणि आसपासच्या मातीचा रंग लिहून ठेवा. मग तहसील कचेरीत कळवा. जमिनीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे बंधनकारकच आहे.