तळव्यावरील चामखिळीची शीतचिकित्सा : उपचाराचा इतिहास आणि बरे होण्याचा काळ

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा व उपकरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उपचारानंतर रुग्णाला सोसावा लागणारा काळ त्यात क्वचितच नोंदवला जातो. पायाच्या तळव्यावरील चामखीळ गोठवण्याचा उपचार हे याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या उपचाराच्या विकासाचे टप्पे पाहून त्यानंतरच्या काळाचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दाहाकडून शीताकडे

'चामखीळ' या शब्दाचे नाते संस्कृत 'चर्मकील' या शब्दाशी आहे. सुश्रुतसंहितेत चर्मकीलाचे वर्णन आढळते. पायाला होणाऱ्या 'कदर' म्हणजे कुरूप या विकारावर ते कापून काढून तप्त तेलाने डागण्याचा उपायही तेथे सांगितला आहे. तळव्यावरील चामखीळ व कुरूप यांत आजही गल्लत होते. वस्तुतः कुरूप दाब व घर्षण यांमुळे होते, तर चामखीळ विषाणूमुळे. चामखिळीच्या पेशीविरहित अर्कानेही तिचा संसर्ग होतो, हे इटलीतील ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले.

शीताचा पद्धतशीर उपयोग इंग्लंडमधील डॉ. जेम्स अर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला. बर्फाचा चुरा व मीठ यांच्या मिश्रणाने ते वेदना कमी करीत. लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनात त्यांचे उपकरण मांडले गेले होते. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंडे यांनी हवा द्रवरूप करण्याची व्यवहार्य पद्धत सिद्ध केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी द्रवरूप हवेने चामखिळी व इतर त्वचाविकारांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम प्युसी यांनी कार्बन डायऑक्साइडचा बर्फ वापरला. १९५० मध्ये हर्मन ॲलिंग्टन यांनी उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन कापसाच्या बोळ्याने लावण्याची पद्धत मांडली. पुढे १९६० च्या दशकात फवारणीची साधने आली.

गोठवल्यानंतरचा काळ

गोठवण्याने पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात व ऊती मृत होते. विषाणू मात्र थंडीने मरतोच असे नाही. म्हणून खरे कार्य पुढील दिवसांत, मृत ऊती गळून पडताना व शरीराची प्रतिकारशक्ती जागी होताना घडते. प्रथम लाली, ठणका व सूज येते. एक-दोन दिवसांत फोड येतो, क्वचित तो रक्ताने भरलेला असतो. पुढे खपली धरते व साधारणतः एक ते तीन आठवड्यांत ती पडते.

तळव्याच्या बाबतीत एक अडचण अधिक असते. हाताला विश्रांती देता येते, तळव्यावर मात्र प्रत्येक पावलाचा भार पडतो. यासाठी फोड न फोडणे, जागा स्वच्छ ठेवणे, मऊ गादी बांधून दाब कमी करणे आणि अनवाणी न चालणे आवश्यक ठरते. मधुमेही व पायाचा रक्तपुरवठा मंद असलेल्या रुग्णांत जखम चिघळण्याचा धोका असल्याने अधिक दक्षता घ्यावी लागते. रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी उणे ५ अंशांच्या आसपासच इजा पावतात. त्यामुळे सावळ्या त्वचेवर, विशेषतः पावलाच्या वरील भागावर, पांढरा डाग राहू शकतो. आपल्या समाजात असा डाग कोड समजला जाण्याची शक्यता असल्याने रुग्णास त्याची पूर्वकल्पना देणे इष्ट होय.

हा सर्व क्रम एकदाच घडत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तो पुन्हा सोसावा लागतो. एवढे करून फल काय? ब्रिटन व आयर्लंडमध्ये २४० रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर तळव्यावरील चामखिळी पूर्णपणे गेलेल्यांचे प्रमाण शीतचिकित्सा व सॅलिसिलिक ॲसिड या दोन्ही गटांत सुमारे १४ टक्केच आढळले. २०१० च्या डच चाचणीतही हातापायांवरील सामान्य चामखिळींवर शीतचिकित्सा सरस ठरली, परंतु तळव्यावरील चामखिळींबाबत लक्षणीय फरक दिसला नाही.

निष्कर्ष

शीतचिकित्सेचा इतिहास कमी तापमान गाठण्याचा इतिहास आहे. तथापि तापमान उतरले म्हणून तळव्यावरील यश त्या प्रमाणात वाढले असे म्हणता येत नाही. अनेक चामखिळी कालांतराने आपोआपही जातात. म्हणून उपचाराची निवड करताना रुग्णाच्या वेदना, बुडणारे कामाचे दिवस व चालण्यातील अडचण यांचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे. पायांवर उभे राहून पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा हिशेब गौण ठरत नाही.