आरसी ग्लायडर, मोटर बसवलेले

इंजिन नसलेल्या, रेडिओनियंत्रित (आरसी) प्रतिकृती ग्लायडरला चढण्यापुरती विजेची मोटर जोडली की त्याला मोटर-ग्लायडर किंवा इलेक्ट्रिक ग्लायडर म्हणतात. मोटरने वर जायचे, मग ती बंद करून उरलेला वेळ वाऱ्यावर काढायचा. ही मोटर म्हणजे दोराची बदली; उडण्याचे काम पंखांचेच राहते. हे लक्षात न घेतल्याने अनेक हलकी ग्लायडरे जड आणि वेगवान विमाने होऊन बसतात.

मोटर नसेल तर ग्लायडर वर नेण्याला दोर लागतो. पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग केंद्रात माणसे बसतात ती ग्लायडरे विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून चढवत. प्रतिकृतीसाठी रबर आणि दोरी मिळून दीडशेक मीटर लांबी पसरावी लागते, तीही वाऱ्याच्या दिशेने.

गोव्यात खरी अडचण दोर पसरायच्या या जागेचीच आहे, पण सगळीकडे ती सारखी नाही. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर हरमल आणि केरी यांच्यामध्ये समुद्रात घुसलेला डोंगर आहे. पावसाळा सरला की दुपारी समुद्रावरून येणारा वारा या उतारावर आपटून वर चढतो. याच वाऱ्यावर तिथे पॅराग्लायडिंग चालते, आणि मॉडेलही त्याच्यावर तासभर तरंगू शकते. इथे मोटर चैनीची वस्तू. मात्र सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तेव्हा हाच उतार निर्जीव असतो. दुपारचा वारा मध्येच पडला तर मॉडेल खडकावर नाहीतर लाटांत जाते. अशा वेळी दहा सेकंदांची मोटर सगळे वाचवते. (वर माणूस लटकलेला पॅराग्लायडर असेल तर मॉडेल खाली उतरवावे; इथे वाद घालायचा नाही.)

किनाऱ्यापासून आत असलेल्या डिचोलीत समुद्राचा वारा पोचेपर्यंत थकलेला असतो. तिथे भरवसा उन्हाने तापून वर उठणाऱ्या हवेचा, म्हणजे थर्मलचा. उघडे सडे, कापणी झालेली शेते आणि खाणींच्या मातीचे लाल डंप झाडीपेक्षा लवकर तापतात. गोल गोल फिरत चढणारी घार दिसली की थर्मल तिथे आहे असे समजावे. तिच्याइतके खात्रीचे उपकरण बाजारात मिळत नाही. पण थर्मल पकडायला आधी उंची हवी आणि दोर पसरायला जागा नाही. सरद म्हणजे पावसाळी भात कापले की पाण्याच्या शेतांत वायंगण, म्हणजे त्यानंतरचे भात, उभे राहते, सड्यावर काजूची झुडपे, गावाभोवती माड आणि विजेच्या तारा. खाणीच्या डंपांवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि पाण्याने भरलेल्या खंदकात पडलेले मॉडेल परत मिळत नाही. म्हणून डिचोलीच्या हौशी माणसाने मोटर बसवावी, केरीच्या माणसाने आधी विचार करावा, असे या नोंदीचे मत आहे.

विजेवर चालणाऱ्या रेडिओनियंत्रित प्रतिकृतीचे पहिले नोंदलेले उड्डाण 30 जून 1957 रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी केले. मॉडेलचे नाव 'रेडिओ क्वीन'. त्यानंतर बराच काळ बॅटऱ्याच जड होत्या. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटर स्वस्त झाल्यावरच हा प्रकार घरोघर करण्याजोगा झाला.

मोटर बसवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पंखाच्या वर खांबावर मोटर बसवतात. ढाचा कापावा लागत नाही, पण ओढ गुरुत्वमध्याच्या वरून लागत असल्याने थ्रॉटल देताच नाक खाली दबते आणि खांबाचा हवेला कायमचा अडथळा राहतो. दुसरी रीत नाक कापण्याची. जिवावर येते, पण चांगली तीच. कापलेल्या तोंडावर प्लायवूडची भिंत चिकटवून मोटर तिच्यावर स्क्रूने बसवतात. मोटरचा अक्ष दोन-तीन अंश खाली आणि एक-दोन अंश उजवीकडे झुकवावा लागतो. मोटर सुरू होताच ग्लायडरचा वेग वाढतो, पंखांची उचल वाढते आणि नाक वर उसळते. खालच्या बाजूचा झुकाव ती उसळी आवरतो. उजवा झुकाव पंख्याच्या फिरण्याने येणाऱ्या डाव्या ओढीसाठी.

पंखा मिटणाराच हवा. मोटर थांबली की त्याची पाती वाऱ्याने मागे दुमडून ढाच्याला चिकटतात. पण त्यासाठी वेगनियंत्रकात, म्हणजे ईएससीत, ब्रेक चालू करून ठेवावा लागतो. ब्रेक नसेल तर पंखा पवनचक्कीसारखा फिरत राहतो आणि ग्लायडर दगडासारखे खाली येऊ लागते. नवशिक्यांचा दोष बहुधा हाच निघतो. ते मात्र मोटर बदलतात.

वजनाचा हिशेब भीती वाटते तितका वाईट नसतो. बिनमोटरच्या ग्लायडरचे नाक जड करण्यासाठी त्यात जाळ्याला लावतात तसले शिसे भरलेले असते. उदाहरणादाखल 2 मीटर पंखपसाऱ्याचे, 800 ग्रॅमचे मॉडेल घ्या. त्यातून 90 ग्रॅम शिसे आणि रिसीव्हरची 50 ग्रॅमची बॅटरी निघते, कारण रिसीव्हरला वीज आता ईएससीच देते. आत जाते 65 ग्रॅमची मोटर, 30 चा ईएससी, पंखा व टोपी मिळून 25, आणि तीन सेलची 1300 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 110. निव्वळ वाढ 90 ग्रॅम. वजन सुमारे 11 टक्के वाढले तरी किमान उडण्याचा वेग साडेपाच टक्केच वाढतो, कारण तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. बॅटरी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य पूर्वीच्याच जागी आणावा, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण त्याच्या रुंदीच्या 30 ते 35 टक्क्यांवर. शिसे मात्र हिशेब जुळल्यावरच फेकावे.

किलोला दीडशे वॅट शक्ती पुरते. वरील मॉडेल तेवढ्यात सेकंदाला चारेक मीटर चढते आणि एका चार्जमध्ये तीस सेकंदांच्या आठ-नऊ चढाया होतात. एफ-5-जे या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारातही मोटर जास्तीत जास्त 30 सेकंदच चालवता येते, आणि जितकी जास्त उंची घ्याल तितके गुण कापले जातात.

गोव्याचे ऊन आणि खार लक्षात घ्यावे. नाकात हवा शिरायला भोक आणि मागे बाहेर पडायला त्याहून मोठे भोक हवे, नाहीतर एप्रिलात ईएससी जळतो. समुद्रात पडलेली मोटर लगेच गोड्या पाण्याने धुवावी. बॅटरी बंद गाडीत उन्हात ठेवू नये. सड्याच्या जांभ्याने पोट फाटते, म्हणून खालून जाड टेप लावतात.

कायदा मोटर पाहत नाही. विमानाच्या भारतीय व्याख्येत ग्लायडर, इतकेच काय पतंगही येतो, आणि ड्रोन नियम, 2021 चालकाविना दुरून उडवल्या जाणाऱ्या यंत्रांना लागू आहेत. वजन 250 ग्रॅम ओलांडले की मॉडेल नॅनो वर्गातून सूक्ष्म वर्गात जाते. 2 किलोपर्यंत केवळ छंदासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पेडण्यात या नियमांना वेगळे वजन आहे. मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन होऊन 5 जानेवारी 2023 पासून प्रवाशांसाठी सुरू झाला, आणि पेडणे शहर त्याच्या हद्दीपासून 8 किलोमीटरांच्या आत येते, जिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. ड्रोन नियमांतल्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या, क्षेत्रात परवानगीशिवायची उंचीची मर्यादा 120 मीटर, म्हणजे वर सांगितलेल्या मोटरची तीस सेकंदांची एक चढाई. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरांच्या पट्ट्यात हीच मर्यादा 60 मीटर आहे, आणि ती पंधरा सेकंदांत गाठली जाते.