फक्त फरक : मारिओच्या खेळात बदल करणाऱ्या चाहत्यांचा इतिहास

१/
२००७ साली टी. ताकेमोतो या नावाने वावरणाऱ्या एका जपानी चाहत्याने ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हा १९९०चा खेळ उघडला, त्यातले टप्पे मोडून नवे रचले आणि आपल्या मित्राला खेळायला दिला. आठ वर्षांनी, २०१५ मध्ये, खुद्द निन्टेंडो कंपनीने टप्पे रचण्याचे साधनच बाजारात आणले. या दोन घटनांमागे एक जुना वाद आहे : विकत घेतलेला खेळ नेमका कोणाचा? त्या वादाचा हा इतिहास. (धागा)

२/
‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार. धावत, उड्या मारत, खड्डे आणि शत्रू टाळत पुढे जायचे, अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. यात ३२ टप्पे, म्हणजे लेव्हल, होते आणि सारा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता. आजच्या मोबाइलवरचा एक साधा फोटोही याहून कित्येक पट मोठा असतो.

३/
एवढ्याशा जागेत संसार थाटायचा तर काटकसर हवी. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती. रंग तेवढा निराळा. टप्पेही पूर्ण चित्रे म्हणून साठवलेले नव्हते. कोणती वस्तू कोठे ठेवायची, याची आखूड यादी तेवढी होती. मारिओ किती वेगाने धावतो, किती उंच उडतो हे नियम एकीकडे आणि टप्प्यांची यादी दुसरीकडे. ही विभागणीच पुढे चाहत्यांच्या कामी आली. नियम तसेच ठेवून यादी बदलली, की नवा खेळ उभा राहतो.

४/
ही युक्ती निन्टेंडोनेही लगोलग वापरली. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा पहिल्याच खेळाच्या सांगाड्यावर उभा होता. त्यात विषारी मशरूम, वाऱ्याचे झोत आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ अवघड टप्पे यांची भर होती. त्याच वर्षी ‘ऑल नाइट निप्पॉन’ या जपानी रेडिओ कार्यक्रमासाठी मारिओची खास आवृत्ती निघाली. तिच्यात काही शत्रूंच्या जागी कार्यक्रमातल्या कलावंतांचे चेहरे बसवले होते.

५/
अमेरिकी ग्राहकांसाठी तो जपानी दुसरा भाग फार कठीण ठरेल, असे कंपनीला वाटले. मग ‘डोकी डोकी पॅनिक’ हा १९८७चा, मारिओशी संबंध नसलेला खेळ निवडण्यात आला. त्यातली पात्रे काढून मारिओ आणि मंडळी बसवली गेली आणि १९८८ मध्ये तोच खेळ अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाने विकला गेला. म्हणजे मूळ खेळाला हात लावू नये, असे मालकांच्या वर्तनातून तरी दिसत नव्हते. वाद बदलाचा नव्हता; तो बदल कोणी करावा, याचा होता.

६/
हा वाद न्यायालयात पोहोचला तो ‘गेम जिनी’मुळे. कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीने तयार केलेले हे उपकरण कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये बसत असे. खेळणाऱ्याने सहा किंवा आठ अक्षरांचा संकेत भरायचा. यंत्राने कॅसेटमधली ठरावीक नोंद मागितली, की गेम जिनी ती अडवून दुसराच आकडा पुढे करी. परिणामी मारिओचे जीव संपेनासे होत किंवा त्याची उडी भलतीच उंच जाई. कॅसेटमध्ये मात्र काडीचाही बदल होत नसे.

७/
अमेरिकेत हे उपकरण विकणाऱ्या गलूब कंपनीविरुद्ध निन्टेंडो उभी राहिली आणि १९९० मध्ये विक्रीला तात्पुरती मनाई झाली. बदललेला खेळ ही आमच्या कलाकृतीची परवानगीविना केलेली नवी आवृत्ती आहे, असा निन्टेंडोचा दावा होता. १९९१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि मे १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तोच निकाल कायम केला. यंत्र बंद होताच नाहीसा होणारा बदल ही स्वतंत्र कलाकृती नव्हे आणि ग्राहकाने आपल्या घरी, आपल्या आनंदासाठी खेळ वेगळ्या रीतीने खेळणे हा गुन्हा नव्हे, असा त्याचा आशय होता. मनाईच्या काळातील नुकसानीपोटी गलूबला १ कोटी ५० लाख डॉलर मिळाले.

८/
भारतात १९९०च्या दशकातल्या कित्येक मुलांनी बदललेला मारिओ नकळत खेळलेला आहे. फॅमिकॉमची नक्कल असलेली स्वस्त यंत्रे आणि ‘अमुक इन वन’ असे फुगवलेले आकडे मिरवणाऱ्या कॅसेट तेव्हा बाजारात मिळत. यादीत नावे शेकड्यांनी, प्रत्यक्षात खेळ मोजकेच. तोच मारिओ दुसऱ्या ओळीत भलत्याच टप्प्यापासून सुरू होई, तर तिसऱ्या ओळीत जास्त जीव देई. हे बदल चाहत्यांचे नव्हते. आकडा वाढवण्यासाठी व्यापाऱ्यांनी करवून घेतलेले होते. त्यांवर कोणाचेही नाव नसे.

९/
चाहत्यांच्या हाती खरी किल्ली आली ती संगणकामुळे. कॅसेटमधील मजकुराची संगणकावरची प्रत म्हणजे ‘रॉम’ आणि जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करून ती चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘इम्युलेटर’. १९९७ मध्ये आलेल्या ‘नेस्टिकल’ या इम्युलेटरमध्ये खेळातली चित्रे बदलण्याची सोयही होती. टोपी बदला, चेहरा बदला, लगेच खेळून पाहा. त्यातून पुष्कळ पोरकट, क्वचित ओंगळ बदल निपजले. परंतु मुळाक्षरे गिरवण्याची पाटी अशीच असते.

१०/
आता अडचण वाटपाची होती. बदललेला रॉम वाटायचा म्हणजे निन्टेंडोचा संपूर्ण खेळच वाटायचा. ती सरळ सरळ चोरी. यावर चाहत्यांनी जो तोडगा स्वीकारला, त्याचे नाव ‘आयपीएस पॅच’. या फाइलमध्ये खेळ नसतोच. अमुक ठिकाणापासून, इतक्या लांबीचा, हा नवा मजकूर ठेवा, एवढ्याच नोंदी एकामागून एक असतात. मूळ खेळ वाचकाने आपला आणायचा. पॅच त्यात फक्त फरक घालतो. शुद्धिपत्र पुस्तकासोबत नव्हे, सुटे वाटावे, तसाच हा प्रकार.

११/
‘आमचे तेवढेच आम्ही देतो’ हा या छंदाचा अलिखित नियम झाला. पण कायद्याच्या नजरेत तेवढे पुरेसे नव्हते. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या नेमबाजीच्या खेळासाठी चाहत्यांनी रचलेले ३०० टप्पे मायक्रो स्टार या कंपनीने सीडीवर घालून विकले. त्या फाइलींमध्ये मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते. कोणते चित्र कोठे दाखवायचे, याच्या याद्याच होत्या. तरीही १९९८ मध्ये, गेम जिनीच्या बाजूने निकाल देणाऱ्या त्याच अपील न्यायालयाने ते टप्पे मूळ खेळाचा अनधिकृत पुढचा भाग ठरवले. ड्यूक न्यूकेमच्या मालकांनी चाहत्यांचे टप्पे फुकट वाटण्यास मुभा दिली होती, विकण्यास नव्हे.

१२/
दोन निकाल शेजारी ठेवले, की चाहत्यांची जागा किती अरुंद होती ते कळते. घरात बसून खेळ वाकवा, हरकत नाही. पण रचना टिकाऊ झाली आणि तिचे पैसे झाले, की मालक दारात उभा. म्हणून या इतिहासातली बहुतेक कामे फुकट आहेत आणि कित्येक टोपणनावांनी केलेली आहेत. वर्षानुवर्षांच्या श्रमांचे मोल कौतुकाखेरीज काही नाही आणि ते श्रम एका नोटिशीने पुसले जाण्याची टांगती तलवार मात्र कायमची.

१३/
२००० साली ‘लुनर मॅजिक’ हे साधन आले. कर्त्याचे टोपणनाव फुसोया. तोवर ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चा टप्पा बदलायचा म्हणजे आकड्यांच्या रांगा चाळत कोणता आकडा कशाचा, हे ताडायचे. लुनर मॅजिकने तोच टप्पा डोळ्यांसमोर मांडला. माउसने पाइप उचला, शत्रू ठेवा, जतन करा. हे साधन बनवण्यासाठी खेळाच्या अंतर्भागाचा जो अभ्यास करावा लागला, त्यात कंपनीची कोणतीही कागदपत्रे हाताशी नव्हती. यंत्रभाषेतला मजकूर वाचून वाचून अर्थ लावणे, एवढा एकच मार्ग होता.

१४/
ताकेमोतोची करामत याच वातावरणातली. तिच्या चित्रफिती जपानच्या निको निको डोगा या संकेतस्थळावर गाजल्या आणि बाहेरच्या जगात ती ‘काइझो मारिओ वर्ल्ड’ म्हणून ओळखली गेली. जपानी भाषेत ‘काइझो’ म्हणजे फेरबदल. खड्ड्यावरून उडी मारावी, तर नेमक्या उडीच्या वाटेवर अदृश्य ठोकळा. डोके आपटून मारिओ खड्ड्यात. टप्पा संपल्याची खूण ओलांडून सुटकेचा श्वास टाकावा, तर तिथेही मरण. जागोजागी प्रगती जतन करण्याची इम्युलेटरची सोय वापरल्याशिवाय हे टप्पे पार करणे जवळपास अशक्य होते.

१५/
थट्टेतून एक शाखा जन्मली. पुढच्या रचनाकारांनी काइझोतला दुष्टावा कमी केला आणि कसब ठेवले. कवच भिंतीवर फेकायचे, ते परतताना हवेतच त्यावर पाय देऊन दुसरी उडी घ्यायची, अशा चाली प्रमाण झाल्या. ही चाल मूळ खेळात कोणी शिकवलेली नाही, पण मूळ नियमांत ती शक्य आहे. मियामोतो-तेझुका यांच्या नियमांत किती शक्यता दडलेल्या होत्या, हे मूळ टप्प्यांपेक्षा चाहत्यांच्या टप्प्यांनीच अधिक दाखवले. आज असे टप्पे धर्मादाय निधीसाठी भरणाऱ्या ‘गेम्स डन क्विक’ या मेळाव्यात सर्वांसमक्ष खेळले जातात.

१६/
मालकांनी या कौशल्याचे काय केले? याची दोन उदाहरणे एका वर्षाच्या अंतराने घडली. मिल्टन ग्वास्ती यांनी १९९१च्या ‘मेट्रॉइड २’ या खेळाची नवी आवृत्ती सुमारे दहा वर्षे खपून तयार केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट प्रसिद्ध केली. काही दिवसांतच निन्टेंडोच्या हरकतीमुळे ती अधिकृतपणे मिळेनाशी झाली. पुढच्या वर्षी कंपनीने त्याच खेळाची स्वतःची नवी आवृत्ती विकायला काढली. ग्वास्ती यांना काम दिले ते मून स्टुडिओज या दुसऱ्याच संस्थेने.

१७/
सेगा कंपनीचा मार्ग वेगळा होता. तिच्या ‘सॉनिक’ या खेळात वर्षानुवर्षे फेरबदल करणाऱ्या चाहत्यांपैकी ख्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांना तिने जवळ केले. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या ‘सॉनिक मेनिया’ या अधिकृत खेळाच्या निर्मात्यांत हे दोघे होते आणि समीक्षकांनी तो खेळ उचलून धरला. काल ज्यांना कुलूप तोडणारे म्हटले जात होते, त्यांच्याच हाती आज घराची किल्ली देण्यात आली. जुन्या सॉनिकची उडी नेमकी कशी असावी, हे जाणणारी माणसे चाहत्यांतच सापडली.

१८/
निन्टेंडोनेही चाहत्यांची हौस ओळखली, पण आपल्या अटींवर. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर’ने कोणालाही टप्पे रचू दिले. लाखो टप्पे जमले. पण ते कंपनीच्या सर्व्हरवर. ३१ मार्च २०२१ रोजी नवे टप्पे चढवणे बंद झाले आणि ८ एप्रिल २०२४ रोजी त्या यंत्राची ऑनलाइन सेवाच थांबली. परवानगीने रचलेल्या टप्प्यांचे अधिकृत दार असे बंद झाले. परवानगीविना रचलेला २००७चा काइझो पॅच मात्र काही किलोबाइटांच्या बळावर आजही खेळता येतो.

१९/
हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. पोथी नकलताना कोणी ओळ घुसडतो, तो प्रक्षेप; कोणी बाजूला अर्थ लिहितो, ती टीका. व्यापाऱ्यांच्या ‘अमुक इन वन’ कॅसेट प्रक्षेपाच्या जातीच्या होत्या : मूळ कोणते आणि भर कोणती, हे कळण्याची सोयच नव्हती. पॅच टीकेच्या जातीचा आहे. तो मूळ ग्रंथ बाजूला, अबाधित ठेवतो आणि आपला शब्द वेगळा दाखवतो.

२०/
विकत घेतलेला खेळ कोणाचा, या प्रश्नाचे एकच उत्तर न्यायालयांनी दिले नाही आणि कंपन्यांचीही त्यावर एकवाक्यता नाही. चाहत्यांनी मात्र आपल्यापुरते उत्तर शोधले : मूळ खेळ त्याच्या कर्त्याचा, त्यातला फरक आमचा. ४० किलोबाइटांचा तो पहिला मारिओ चार दशकांनंतरही केवळ संग्रहालयातली वस्तू झाला नाही, याचे बरेचसे श्रेय या वेगळ्या ठेवलेल्या फरकाला आहे. (समाप्त)