पापणीशोथ : कुत्रा व इतर लहान प्राण्यांतील

वरच्या किंवा खालच्या पापणीला सूज येऊन ती लाल व ओलसर होणे, तिला सतत खाज सुटणे, डोळ्याभोवतीचे केस झडणे आणि कडेवर चिपड साचून खपली धरणे, या लक्षणांनी ओळखल्या जाणाऱ्या विकारास पशुवैद्यकात पापणीशोथ किंवा ब्लेफरायटिस म्हणतात. तो स्वतंत्र रोग म्हणून क्वचितच उद्भवतो. बहुतेक वेळा त्वचेचा, अश्रूंचा, दातांचा किंवा सबंध शरीराचा एखादा बिघाड पापणीवर प्रथम दिसतो एवढेच, आणि म्हणून केवळ पापणीवर मलम लावून तो कायमचा बरा होईल ही अपेक्षा सहसा फोल ठरते.

पापणी बाहेरून पातळ त्वचेने व आतून नेत्रश्लेष्मला नावाच्या ओलसर पटलाने मढलेली असून या दोहोंच्या मध्ये स्नायू आणि ग्रंथींचा थर असतो. कडेलगत ओळीने उघडणाऱ्या मायबोमियन ग्रंथी तेलकट स्राव पाझरवतात व त्याच्या पातळ सायीमुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. या ग्रंथी तुंबल्या की कडेवर रांजणवाडीसारखी गाठ येते, तेल कमी पडल्याने डोळा कोरडा पडतो आणि कोरड्या डोळ्याच्या चिकट स्रावाने पापणी आणखी चिघळते. कुत्र्याच्या फक्त वरच्या पापणीला खऱ्या अर्थाने केस असतात, मांजराला तेही नसतात. मात्र दोघांनाही नाकाच्या बाजूने सरकणारी तिसरी, आडवी पापणी असते व तिची तपासणी वगळणे धोक्याचे असते.

कारणांत जिवाणू, परजीवी, बुरशी, अधिहर्षता म्हणजे ॲलर्जी आणि पापणीच्या ठेवणीतील दोष हे मुख्य होत. कुत्र्याच्या त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू खाजवून सोललेल्या जागी शिरतो, त्यामुळे आढळलेला पू हा पुष्कळदा मूळ कारणाचा नव्हे तर परिणामाचा पुरावा असतो. लुतीचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत : केसांच्या मुळांशी राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म जीवामुळे कोवळ्या कुत्र्यांच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखे केसविरहित कडे पडते व त्याला आरंभी खाज जवळजवळ नसते, तर सारकॉप्टिस या खरजेच्या जीवामुळे कानांच्या कडा, कोपरे व चेहरा यांना असह्य खाज सुटते. मांजरात नोटोएड्रिस हा जीव कानांपासून पापण्यांपर्यंत जाड राखी खपल्या आणतो. शिवाय नागीण गटातील विषाणूमुळे होणाऱ्या मांजरांच्या सर्दीतही पापण्या सुजून चिकटतात. शार-पे, चाऊ-चाऊ, बुलडॉग अशा जातींत पापणीची कड आत वळलेली असते व तिच्यावरचे केस बुबुळावर घासत राहतात. सशात वरच्या दातांची मुळे वाढून अश्रुनलिका दाबली गेल्यास डोळ्यातून पांढरा दाट स्राव वाहतो आणि खालची पापणी व गाल भिजून सोलवटतात. अशा वेळी डोळ्याबरोबर तोंड उघडून दात पाहावे लागतात.

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यासारख्या भागात पापणीला क्षोभ होण्याची निमित्ते आजूबाजूलाच असतात. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते, कोळशाच्या खाणी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्र असलेल्या या प्रदेशात उन्हाळ्यात हवा अत्यंत कोरडी होते व धूळ उडते. पावसाळा सरल्यावर बांधावरचे गवत वाळले की त्याची कुसळे राखणीच्या कुत्र्यांच्या आडव्या पापणीमागे अडकतात. एकच डोळा अचानक मिटून घेणारे, पंजाने तोंड घासणारे व चिपडाने पापण्या चिकटलेले कुत्रे दिसल्यास प्रथम कुसळाचाच संशय घ्यावा, कारण ते निघाल्याशिवाय कोणतेही औषध लागू पडत नाही. ओसाड जागी माजणाऱ्या गाजरगवताच्या संपर्कानेही त्वचादाह होतो. पापणीला चिकटलेली गोचीड चिमटीने उपटण्याची घाई केली तर तिचे तोंड कातडीत राहून तेथे गाठ धरते.

निदानासाठी त्वचा हलकेच खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, बुरशीसाठी केसांचे संवर्धन करतात, आणि शिर्मर चाचणीत खालच्या पापणीआड कागदाची पट्टी ठेवून एका मिनिटात ती किती भिजते हे मोजतात. कुत्र्यात १५ मिलिमीटर किंवा अधिक ओल ही सर्वसाधारण मानली जाते. फ्लुरोसीन या रंगद्रव्याचा थेंब टाकल्यावर बुबुळावरील जखम हिरवी चमकते. ही साधी चाचणी टाळून घरात पडलेले, माणसासाठी आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब कुत्र्याच्या डोळ्यात घालणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय होय : सूज दोन दिवसांत उतरते, पण बुबुळावर व्रण असल्यास तो खोल जाऊन डोळा फुटू शकतो. उलटपक्षी, सुमारे ३ आठवडे ते ४ महिने वयाच्या पिलांत पापण्या, ओठ व जबड्याखालच्या गाठी एकदम सुजण्याचा जो विकार आढळतो, त्यात केवळ प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात व पशुवैद्याच्या देखरेखीखाली तोंडावाटे दिलेले स्टेरॉइडच गुण देते. तेव्हा स्टेरॉइड सरसकट निषिद्ध नाही. निदानाआधीचे स्टेरॉइड निषिद्ध आहे.

उपचारात कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने ५ ते १० मिनिटे शेकून खपल्या सैल करणे व त्या न ओढता पुसून घेणे, खाजवू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी पट्टी बांधणे, आणि मग कारणानुसार औषध देणे हा क्रम असतो. हळद, चहाचे पाणी किंवा काजळ यांनी फायदा होत नाही, उलट कण आत जातात. जिवाणूजन्य प्रकारात प्रतिजैविके बहुधा ३ आठवडे किंवा अधिक काळ द्यावी लागतात. लुतीवर आता आयसॉक्झॅझोलिन गटातील गोळ्या वापरतात. जुने आयव्हरमेक्टिन कोली व तिच्याशी संबंधित जातींतील काही कुत्र्यांना आनुवंशिक दोषामुळे विषारी ठरते. आत वळलेली पापणी शस्त्रक्रियेनेच सरळ होते.

ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाई, म्हशी व शेळ्यांवर असल्याने पापणीची शस्त्रक्रिया किंवा ऊतक तपासणी लागल्यास सावनेरच्या पशुपालकाला नागपूर गाठावे लागते. तेथे १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय असून ते २००० साली अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

पापणीशोथाची बहुतेक कारणे माणसाला लागत नाहीत, परंतु सारकॉप्टिसची खरूज आणि मांजरांतून पसरणारा नायटा हे दोन अपवाद आहेत. घरातील मुलांच्या हातांवर किंवा मानेवर त्याच सुमारास खाजरे चट्टे उठले असतील, तर ती माहिती पशुवैद्याला व मुलांच्या डॉक्टरला, दोघांनाही सांगावी.