फेट्यांविना इतिहास

नागपुरात जर्मन सिनेमाचा विषय निघाला की जाणकारांच्या तोंडी एक निकाल तयारच असतो : त्यांनी आपली पापं पडद्यावर मांडली, आपण आपले पराक्रमच मांडत बसलो. पूर्वपक्ष म्हणून हे म्हणणं लेचंपेचं नाही. तिकडे हिटलरचे तळघरातले शेवटचे दिवस दाखवणारा ‘डाउनफॉल’ (२००४) आहे, पूर्व जर्मनीच्या हेरखात्यावरचा ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ (२००६) आहे. इकडे ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ अशी २०१८पासून लागलेली रांग, त्यात धूळ, घोडे आणि दर तिसऱ्या प्रसंगाला घोषणा. एवढं समोर ठेवलं की वाद संपल्यासारखा वाटतो. माझ्या मते तो इथे सुरू होतो.

आधी जर्मनांचं बघू. युद्धानंतरचा पहिला जर्मन चित्रपट म्हणजे वोल्फगांग स्टाउटेचा ‘द मर्डरर्स आर अमंग अस’ (१९४६). पाश्चात्त्य दोस्तांनी त्याला नकार दिला, परवानगी मिळाली ती सोव्हिएत विभागात, आणि तीही शेवट बदलण्याच्या अटीवर. मूळ कथेत नायक आपल्या जुन्या कॅप्टनला ठार मारतो. पडद्यावर मात्र प्रकरण कायद्याच्या हाती सोपवलं जातं. स्वतः स्टाउटेने १९४०मध्ये ‘यूड झ्यूस’ या कुप्रसिद्ध ज्यूद्वेषी चित्रपटात छोटी भूमिका केली होती. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक फाइट हार्लान याच्यावर खटला चालला, तो निर्दोष सुटला आणि पन्नाशीच्या दशकात पुन्हा चित्रपट काढू लागला. याच काळात पश्चिम जर्मनीचा प्रेक्षक कुठे गर्दी करत होता? ‘ग्र्यून इस्ट डी हायडे’ (१९५१)सारख्या, हिरवी माळरानं आणि गावाकडची गाणी दाखवणाऱ्या ‘हायमाट’पटांना. उद्ध्वस्त शहरांचा माणूस दीडेक तास उद्ध्वस्त न झालेल्या गावात जाऊन बसायचा. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण याला आत्मपरीक्षण म्हणत नाहीत.

सामान्य जर्मन घरात ज्यूसंहाराची चर्चा जोरात सुरू झाली ती जानेवारी १९७९मध्ये, आणि तीसुद्धा ‘होलोकॉस्ट’ या अमेरिकन मालिकेमुळे. त्याच वर्षी पश्चिम जर्मन संसदेने खुनाच्या गुन्ह्यावरची मुदतमर्यादा काढून टाकली. मालिकेला उत्तर म्हणून एडगार राइट्झने पंधरा तासांहून लांब ‘हायमाट’ (१९८४) रचला. आमचा इतिहास अमेरिकनांनी चोरला, अशी त्याची तक्रार होती. कलाकृती थोर, यात वाद नाही. पण त्याच्या शाबाख गावात ज्यू जवळपास दिसत नाहीत हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो पुसता आलेला नाही. आज जर्मनीच्या आत्मपरीक्षणाचं भूषण वाटणारा सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर १९६८मध्ये वारला. त्याच्यावरचा गाजलेला चित्रपट आला २०१५मध्ये. नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या १९०४ ते १९०८मध्ये जर्मनांनी केलेल्या संहाराला जर्मन चित्रगृहात मोठा पडदा मिळायला तर २०२३ उजाडलं.

‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’चं काय? तो मला आवडतो, तरी सांगतो. त्यात श्टाझीचा, म्हणजे त्या हेरखात्याचा, कॅप्टन ज्या लेखकावर पाळत ठेवतो त्यालाच शेवटी वाचवतो. होहेनशोनहाउझेन तुरुंगाच्या स्मारकाचे तेव्हाचे संचालक हुबेर्टुस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली. असं वागलेला अधिकारी प्रत्यक्षात झालाच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कठोर इतिहास आणि त्यात एक सद्गुणी अपवाद, ही जगभर खपणारी पाककृती आहे. प्रेक्षक स्वतःला त्या अपवादाच्या जागी बसवतो आणि हलक्या मनाने घरी जातो. म्हणजे जर्मनांचा आरसा उशिरा आला, पुष्कळदा बाहेरून आला, आणि बऱ्याच वेळा चेहरा जरा उजळ दाखवणारा निघाला.

आता आपल्याकडे वळू. ज्या दशकात जर्मन प्रेक्षक माळरानांत रमला होता, त्याच दशकात, १९५४मध्ये, आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला आणि राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळवलं. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. १९७९मध्ये फासबिंडरचा ‘द मॅरेज ऑफ मारिया ब्राउन’ आला, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ आला, आणि नचिकेत व जयू पटवर्धनांचा ‘२२ जून १८९७’सुद्धा. चाफेकरांवरचा हा चित्रपट जयजयकाराशिवाय चालतो आणि घरभेद्यांनाही लपवत नाही. मग हे सगळं हिशेबात का धरलं जात नाही? कारण आपण इतिहास कपड्यांवरून ओळखतो. फेटा, तलवार, वाडा दिसला तर ऐतिहासिक, नाहीतर सामाजिक.

ही वर्गवारीच चुकीची आहे. ‘मारिया ब्राउन’मध्ये तरी काय आहे? एक बाई, नोकरी, पैसा आणि परत येण्याची वाट पाहायला लावणारा नवरा. तरी आपण तो जर्मन राष्ट्राचा इतिहास म्हणून वाचतो. मग नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) का नाही? डुक्कर धरायला धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. मग तेच डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकर, शाहू, सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून जातं. प्रजासत्ताकाचा इतिहास याहून नेमका कसा दाखवायचा?

‘कोर्ट’ (२०१४) तर मी जर्मनांसमोर खुशाल ठेवीन. त्यातल्या शाहीर नारायण कांबळेची भूमिका केली ती आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी. ते ‘विद्रोही’चे संपादक, आयुष्यभराचे कार्यकर्ते, एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेले. गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप शाहिरावर आहे. चैतन्य ताम्हाणे यांनी या कथेत एकही खलनायक ठेवलेला नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सहलीला गेले की खड्यांचे उपाय सुचवतात. श्टाझीच्या कॅप्टनसारखा कुणी शेवटी विरघळतही नाही. राजेहो, स्वतःला बसवायला मोकळी खुर्चीच त्यात नाही!

विदर्भापुरतं बोलायचं तर सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) घ्या. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर बायको आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, पोराला मागे लावते. इथे पाळत सरकारची नाही, घरच्या भीतीची आहे, आणि बरेचदा ती हसवतेसुद्धा. मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२) हिंदी असला तरी वस्ती नागपूरची, प्रेरणा हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामाची. त्यातल्या आंबेडकर जयंतीची मिरवणूक ज्याला निव्वळ नाचगाणं वाटली, त्याने विसाव्या शतकातलं नागपूर पाहिलेलंच नाही.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. गांधीहत्येनंतर १९४८मध्ये महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली, पण कॅमेरा त्या जळिताकडे क्वचितच वळला. कारण उघड आहे : त्या गोष्टीत कुठलीच बाजू निर्मळ राहत नाही, आणि तिकीट काढणारा कुठल्या ना कुठल्या बाजूचा असतोच. जर्मनांकडे अशा वेळी सरकारी अनुदान आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीचा पैसा असतो. तिकीटबारीवर पडणारा चित्रपटही तिथे पूर्ण होतो. फरक असेल तर तो इथे आहे, दिग्दर्शकांच्या हिमतीत नाही. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ला विधानभवनावर निघालेल्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले. त्यांच्या एखाद्या गावावर पंधरा तासांचा ‘हायमाट’ रचायचा म्हटलं तर सांगायला माणसं मिळतील, लिहायला लेखकही मिळेल. पैसे कोण घालणार, एवढंच विचारायचं राहतं, आणि ते दिग्दर्शकाला विचारून उपयोग नाही.